माझ्या हृदयाचा नकाशा

मंगळवार, ४ मार्च. सकाळी ७
हृदयविभागात तिसरा दिवस. छातीला वायरी, बोटाला चिमटा, पलंगाला कठडा. चपला सिस्टरांनी कपाटात घातल्या. बाथरूमलाही सोबतीशिवाय जायचं नाही. नगररचना खात्यात तेहतीस वर्षं नकाशे काढले मी, आणि ही अवस्था. गुरुवारपर्यंत घरी. नक्की.

सकाळी ११
डॉक्टरांनी कालच्या अँजिओग्राफीची फिल्म दाखवली. म्हणाले, एक धमनी जवळजवळ बंद आहे, बाकीच्याही अरुंद. बायपास करावी लागेल. संमतीपत्र उशाशी ठेवून गेले. ब्लॉक मी स्वतः पाहिला. स्क्रीनच्या उजव्या बाजूला, म्हणजे उजवी धमनी. बायको म्हणाली, सही करून टाका. म्हटलं, आधी अभ्यास.

दुपारी ३
भिंतीवरच्या तक्त्यावरून नकाशा काढला. कोणती धमनी हृदयाच्या कुठल्या भागाला रक्त पुरवते ते, रंगांसकट. पेन्सिली मुलीने आणून दिल्या. डावीच्या दोन फांद्या. पुढची फांदी समोरची भिंत, मधला पडदा आणि टोक सांभाळते. दुसरी वळसा घालून बाजूला जाते. उजवीकडे उजवा कप्पा आणि थोडा तळ. उजव्या कप्प्याचं काम काय, तर रक्त फुप्फुसांपर्यंत ढकलणं. म्हणजे शेजारच्या घरापर्यंत. एवढ्यासाठी छाती उघडायची? पथ्य आणि व्यायाम पुरे.

बुधवार, ५ मार्च. सकाळी ६
संकल्प: तळलेलं बंद. रोज चार किलोमीटर. चिडणं कायमचं बंद.

सकाळी ६.४०
सिस्टरांवर चिडलो.

सकाळी १०
व्यायामाला आजच सुरुवात केली. वायरी काढून अनवाणी निघालो. लिफ्टपर्यंत पोचलो. मशीन बोंबललं, तिघं धावत आले, व्हीलचेअरवरून परत. छातीत जरा आवळल्यासारखं झालं. गॅस. बायकोने खुर्ची ओढून दाराशी मांडली.

गुरुवार, ६ मार्च. सकाळी ९.३०
राउंडला नकाशा मांडला. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं. रंगकाम सुरेख आहे म्हणाले. मग म्हणाले, काका, फिल्ममध्ये पेशंट आपल्याकडे तोंड करून असतो. स्क्रीनची उजवी ती तुमची डावी. माझीच लाल पेन्सिल घेऊन त्यांनी बंद धमनीचा भाग रंगवला. समोरची भिंत, पडदा, टोक. पेन्सिल थांबेचना.
सही केली.

सायंकाळी ५
छातीवरचे केस काढले. उद्या पहिला नंबर माझा. बायकोला म्हटलं, पाच-सहा तास लागतील, तू घरी थांब. ती म्हणाली, घरी थांबून काय करू? म्हटलं, उगाच घाबरतेस. माझ्याकडे बघ, मी कसा निवांत आहे. ती म्हणाली, मग जरा हात सोडा माझा, बोटं दुखायला लागली.
सोडला. हे लिहिण्यापुरता.