आज मीही चालणार आहे

विहंग,

तू समुद्रावरून चालून येशील तेव्हा मी अलिबागच्या एसटीत असेन. तुझे मोड आलेले मूग झाकून ठेवलेत, मीठ घातलेलं नाही. नाचणीची भाकरी फडक्यात आहे. आईंचा मऊ भात कुकरमध्ये आहे. त्यांना मूग खायचा आग्रह करू नकोस, परवा त्यांच्या हिरड्या दुखल्या.

कालचे घावन आणि नारळाचा रस फ्रिजमध्ये आहे. तू नारळ सोडल्यापासून तुझा वाटा मीच संपवते, घरचा नारळ टाकवत नाही. आज मात्र तो शेजारी प्रणालीकडे देऊन टाक.

वाडीत सुपारीला पाणी द्यायचं राहिलंय. नुसता पंप लावून येऊ नकोस. पाणी शेवटच्या ओळीपर्यंत जात नाही, फावड्याने माती ओढून पाट वळवावा लागतो. मला हल्ली मध्येच विहिरीच्या काठावर बसावं लागतं. तुला लागणार नाही, तुझा दम वाढलाय.

शाळेत रजा कळवली आहे.

रोज अर्धा तास कुणालाही काढता येतो, माझ्याबरोबर चालायला येत जा, असं तू म्हणतोस. आज काढलाय. डॉक्टरांनी पट्ट्यावर चालवून हृदय तपासायला बोलावलंय. सोबत घरचं कुणीतरी आणा म्हणाले होते, पण एसटीची वेळ नेमकी तुझ्या चालण्याचीच होती.

श्रद्धा