शेणव्याचा लसणीचा वाफा

प्रिय बाय,

जयभीम.

तुला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि मी आज पहिल्यांदा तुला लिहायला बसले आहे. काल शेणव्याला गेले होते. दाजी घर वाढवतायत. मागच्या दारी, न्हाणीचं पाणी जायचं तिथे तुझा लसणीचा वाफा होता ना, तिथेच पाया खणलाय. दाजी म्हणाले, "जागा पडूनच व्हती." खरं आहे त्यांचं. तू गेल्यावर तिथे कोणी काही लावलंच नाही. पण मला तिथे उभं राहवेना. वैशाखऱ्याला माझ्या घरी परत येताना एसटीतच ठरवलं, तुझ्याशी बोलायचं राहिलेलं सगळं बोलून टाकायचं.

भातकापणी उरकली की तू मला बोलावून घ्यायचीस. आपण दोघी अंगणात बसून गड्डे फोडायचो. जाड पाकळ्या लावायला, आतल्या बारक्या चटणीला. एकदा मी घाईत उलटी पाकळी खोचली, तर केवढी ओरडलीस! "अगो, टोक वर! तिला डोक्यावर उभी करतेस व्हय?" आणि मग स्वतःच हसत सुटलीस.

होळीच्या सुमाराला पात पिवळी पडली की पाणी तोडायचीस, लसूण काढून जुड्या बांधायचीस. घरात ठेवायचीस थोड्या, वाटायचीस जास्त. आळीत कोणी बाळंतीण असली तर पहिली जुडी तिची.

मग त्या पावसाळ्यात तुला खोकला लागला. चोळ्या सैल व्हायला लागल्या. दाजींनी तुला शहापूरला सरकारी दवाखान्यात नेलं, मीही बरोबर होते. टीबी निघाला. डॉक्टर तुझ्याकडे बघून म्हणाले होते, "बरं वाटलं तरी गोळ्या सोडायच्या नाहीत. पुरा कोर्स करायचा." तू मान डोलावलीस. आठवतं?

दिवाळीपर्यंत खोकला थांबला, तोंडावर तेज आलं. मी आले तेव्हा चुलीवर दुधात लसूण उकळत होती.

"बाय, गोळ्या?"

"ठेवल्यात."

"ठेवल्यात म्हंजे? घेत नायस?"

"त्या खाल्ल्या की पोटात ढवळतं गो. आन् शहापूरला गेलं की दिवस मोडतो, कापणी कोण करनार? खोकला गेला ना? डॉक्टरकडं हाय ते माझ्या वाफ्यात पन हाय."

किती भांडले मी तुझ्याशी! दाजींनाही बोलायला लावलं. तू कुदळ उचललीस आणि मागच्या दारी निघून गेलीस. तुझा त्या वाफ्यावर एवढा विश्वास होता. माझ्या शब्दावर का नव्हता गं?

उन्हाळ्यात खोकला परत आला. तो तू आम्हा सगळ्यांपासून लपवलास. पुढच्या दिवाळीनंतर आपण वाफ्याशी बसलो होतो. तू पाटावर बसून लावत होतीस, वाकवत नव्हतं तुला. एकदम ढास लागली आणि ओल्या मातीवर रक्त पडलं. तू हाताने त्यावर माती ओढलीस. वर पाकळी खोचलीस.

"काय नाय गो. पान खाल्लं व्हतं."

पान? तू कधी पान खाल्लंस आयुष्यात?

पुन्हा शहापूरला नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता पहिल्या गोळ्या लागू पडत नाहीत. इंजेक्शनं सुरू केली. अंगात ती झेपण्याइतकं काही उरलंच नव्हतं. पौषात, म्हशाच्या जत्रेच्या दिवसांत, भर दुपारी, मंगल तुला चमच्याने पाणी पाजत असताना तू गेलीस. पाणी ओठांच्या कडेने खाली आलं. तुझी लेक तरी पुसत राहिली, पुन्हा चमचा भरत राहिली. सातवीत होती ती.

पुढचं तुला माहीत नाही, म्हणून सांगते. वाफ्याला पाणी मंगलच घालत होती. होळीला आम्ही दोघींनी लसूण काढली. चांगली पोसली होती. मंगलने तुझ्यासारख्या जुड्या बांधल्या आणि तुझ्यासारख्याच वाटायला निघाली. पहिल्याच घरची बाई दारातून बोलली, "ऱ्हाऊ दे गो पोरी. तुमच्याच घरात ठेव." दुसऱ्या घरी घेतली, आणि आम्ही वळलो तोवर उकिरड्यावर पडली होती. वर्षानुवर्षं तुझ्या हातची खाल्लेली माणसं ही! मंगल उरलेल्या जुड्या छातीशी धरून घरी आली. रडली नाही. मला विचारलं, "मावशी, लसणीला पन लागतो काय तो रोग?"

मी त्याच लसणीची चटणी वाटली, दोघींनी एका ताटात भाकरी खाल्ली. परीक्षा झाल्यावर दाजींना विचारून मी तिला वैशाखऱ्याला घेऊन आले. तेव्हापासून ती माझ्याजवळच आहे.

बाय, एक सांगायला जीभ वळत नाही. गेला महिनाभर मंगल खोकतेय. मुरबाडला तपासलं. तेच निघालं.

रिपोर्ट कळल्यावर ती एवढंच म्हणाली, "मावशी, मी पन जानार काय?" मी तिला ओरडले. मग न्हाणीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडले.

आता शहापूरला जावं लागत नाही. गोळ्या गावच्या अंगणवाडीत, दिवसाआड, बाईंसमोर गिळायच्या असतात. उद्यापासून सुरू. शेजारणी मात्र आत्ताच सांगून गेल्या, दुधात लसूण उकळून दे म्हणून.

तुला शब्द देते. तिला अंगणवाडीत मी स्वतः घेऊन जाईन, बरं वाटायला लागल्यावरही नेईन. गोळी घशाखाली उतरेपर्यंत तिच्यासमोरून हलणार नाही. लसूण मिळेल तिला, भाकरीबरोबर, चटणीपुरती. रागावेल, अबोला धरेल, तुझीच लेक ती. धरू दे. ती माझ्याशी गोड बोलली नाही तरी चालेल, बाय. ती मला जिवंत हवी आहे.

तुझी धाकटी,
सुमन