तू बाबांचं नाव घेतलंस तेव्हा

आई, तू उलट उत्तर देणार नाहीस याची पुरती खात्री झाल्यावरच लिहायला बसले आहे. लोक म्हणतात, माझी लेखणी फार तिखट. मी हसते. त्यांनी तुला भाजीवाल्याशी घासाघीस करताना ऐकलेलं नाही.

ऐंशीच्या दशकातली, माझ्या कॉलेजच्या दिवसांतली एक सकाळ अजून जशीच्या तशी दिसते. निजामपुऱ्यातल्या आपल्या दोन खोल्या, भिंतीपलीकडे कापडाच्या लूमची खडखड, आणि तू जमिनीवर बसून बिरड्यासाठी मोड आलेले वाल सोलतेयस. मी मोठ्या ऐटीत सांगते की मी माझ्या नवऱ्याला नावाने हाक मारणार. तू मान वर न करता म्हणतेस, "मार की. नाव घेऊन बोलवायला तो काय दारचा मोती आहे?" तू स्वतः बाबांचं नाव उभ्या जन्मात घेतलं नाहीस. त्यांना बोलवायचं असलं की पळी पातेल्यावर आपटायचीस. दोनदा आपटली की जेवण, एकदाच पण जोरात आपटली की भांडण. एवढ्या खडखडाटातही बाबांना ती बरोबर ऐकू यायची.

मग नव्वदच्या दशकात तू वरणात दोनदा मीठ घालू लागलीस, पुढे घालायचंच विसरलीस, आणि एके दिवशी पळी हातात घेऊन, हिचं काय करायचं असतं ग, असं मला विचारलंस. शेजारीपाजारी म्हातारचळ म्हणाले. मुंबईच्या डॉक्टरांनी डिमेन्शिया म्हटलं. औषध त्यांच्याकडेही नव्हतं, पण घरी येऊन व्यवसायोपचार करणाऱ्या, म्हणजे रोजची कामं पुन्हा हाताला लावून देणाऱ्या, एका बाईंचा पत्ता त्यांनी दिला. बाबा परतताना एसटीत म्हणाले, "आता या वयात हिला कसला व्यवसाय लावणार?"

बाई कल्याणहून शुक्रवारी यायच्या, कारण शुक्रवारी लूम बंद, बोललेलं ऐकू यायचं. मीही त्या दिवशी अर्धी रजा टाकून घरी असायची. बाईंनी आल्या आल्या न्हाणीघर पाहिलं, ओटा पाहिला, आणि बराच वेळ बाबांचा चेहरा पाहिला. बाबांनी प्रेमापोटी तुझ्या हातातलं सगळं काम काढून घेतलं होतं. तुला भरवण्यापर्यंत मजल गेली होती. बाई म्हणाल्या, "काका, त्यांना करता येतं ते त्यांनाच करू द्या. अडतील तिथेच फक्त हात लावा." मग त्यांनी मोड आलेले वाल मागवून तुझ्यापुढे ठेवले. तू एक वाल चिमटीत दाबलास आणि दाणा टुपकन बाहेर. बाबा पोरासारखे खूश. तू मात्र फणकारलीस, "मला शिकवायला आली! वाल किती भिजवायचे ते विचारा आधी हिला." बाई हसल्या, "नाही माहीत, काकू. तुम्ही सांगा." तू सांगायला तोंड उघडलंस आणि उघडंच राहिलं. सालं आणि दाणे तुझ्या हातून एकाच ताटात पडत राहिले.

त्याच दिवशी बाईंनी बाबांकडे बोट करून विचारलं, "काकू, यांचं नाव काय?" तू पदर तोंडाला लावलास. "काय बाई विचारते!" पुन्हा विचारलं, पुन्हा पदर. आठवत नाही, असं बाई हलकेच म्हणाल्या आणि बाबा भडकले. "आठवत नाही कसं? तिनं माझं नाव कधी घेतलं नाही, आज तुमच्यासाठी घेईल?" बाईंनी जीभ चावली. मग बाबांनीच तोड काढली की उखाणा घ्यायला सांगा. तू सुरुवात झोकात केलीस, नावाच्या जागेपर्यंत आलीस, थांबलीस आणि गोड हसलीस. "बघा, लाजली!" बाबा म्हणाले. लाजलीस की विसरलीस, हे कळायला मार्ग नव्हता, आणि बाबा त्या न कळण्यावर दिवस काढू लागले.

आणि मग ती संध्याकाळ. बाबा तुझ्या केसांतला गुंता सोडवतायत. तू वळून त्यांच्याकडे नीट बघतेस आणि त्यांचं नाव घेतेस, आडनावासकट, स्वच्छ. "तुम्ही ते ना? नगरपालिकेतले?" बाबांच्या हातातली फणी तशीच राहते. "हो, मीच तो." तू अदबीनं म्हणतेस, "मग घरी जा आता. दिवे लागले. बायको वाट बघत असेल."

बाईंनी बजावलं होतं की वाद घालायचा नाही, पटवत बसायचं नाही. बाहेर जायचं, थोड्या वेळानं परत यायचं, तोवर तुझं मन दुसरीकडे वळतं. बाबांनी चपला घातल्या, नाक्यापर्यंत जाऊन आले. तू म्हणालीस, "आज उशीर?" आणि पाण्याचा तांब्या पुढे केलास. बाबांनी दुसऱ्या दिवशी पेढे आणले. सगळ्यांना त्यांनी निम्मीच गोष्ट सांगितली: हिनं माझं नाव घेतलं! शुक्रवारी बाईंनाही पेढा दिला. त्यांनी तो सावकाश खाल्ला, आणि मी दारापर्यंत सोडायला गेले तेव्हा म्हणाल्या, "काकूंचं होईल तेवढं मी बघते. पण काकांना हे रोज झेपणार नाही. त्यांना तुम्ही सांभाळा."

पुढे ते रोजचंच झालं. तू जा म्हणायचीस, बाबा चपला घालायचे. शेजारचे चाचा त्यांच्या दारातल्या ओट्यावरून ओरडायचे, "क्या साहब, भाभीने फिर निकाल दिया?" बाबा म्हणायचे, "नहीं भई, शिफ्ट बदली है." हा किस्सा मी कार्यक्रमांत सांगते. 'बायको वाट बघत असेल' या वाक्याला हमखास हशा येतो. मी तिथेच थांबते.

पुढचं कुणाला सांगितलेलं नाही. एका संध्याकाळी तू त्यांना एकदा घालवलंस, परत आल्यावर पुन्हा घालवलंस. तिसऱ्यांदा ते आत आलेच नाहीत. दाराबाहेर उभे राहून त्यांनी मला खुणेनं बोलावलं आणि कुजबुजले, "जरा बघ ना, तिला आत्ता कोण हवंय. मी कोण म्हणून येऊ?" नवरा, नगरपालिकेतला ओळखीचा माणूस, वाल आणून देणारा गडी, काय म्हणशील ते व्हायला ते तयार होते. मी वळून तुझ्याकडे पाहिलं. तू एकाच पंच्याची घडी घालत होतीस, मोडत होतीस. तू कुणाचीच वाट बघत नव्हतीस. बाबा थोडा वेळ थांबले, मग पायरीवर बसले.

आता तेही नाहीत. हे पत्र घडी घालून ठेवून देईन, धाडणार कुठे? एवढं मात्र कबूल करते. त्या सगळ्या वर्षांत तू मला एकदाही 'घरी जा' म्हणाली नाहीस. मी मनाशी ठरवून टाकलं की मी घरचीच आहे हे तुला कळत होतं. बाई दर शुक्रवारी समोर बसायच्या. तुला खरंच कळतं का, हे त्यांना एकदा विचारता आलं असतं. मी नाही विचारलं.