घरोघर फिरलेली वही

मी, खाली सही करणारा गोटीराम कान्हा मढवी, वय एकोणसत्तर, शिक्षण सातवी फायनल, राहणार मौजे खारशेत, बेलापूर खाडीलगत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या अकलेने लिहून ठेवत आहे. माझी अक्कल ठिकाणावर असल्याचा डॉक्टरचा दाखला सोबत जोडला आहे. असा दाखला निवडणुकीला उभे राहणाऱ्यांकडूनही मागावा असे माझे मत आहे, पण ते मी मिळकतीत धरत नाही. माझ्यावर कोणाचा दाब नाही. बत्तीस वर्षे गावच्या ग्रामपंचायतीत शिपाई होतो, त्यामुळे दाब कशाला म्हणतात ते मला पुरते ठाऊक आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

भाषेबद्दल कोणी नवल करू नये. ग्रामसेवक आठवड्यातून एक दिवस यायचे, आणि तेही जेवणाच्या वेळेला. सभांची कार्यवाही मीच लिहीत होतो. अमुक सूचक, तमुक अनुमोदक, ठराव सर्वानुमते मंजूर. हा शेवटचा शब्द मी इतक्या वेळा लिहिला आहे की झोपेतही शुद्ध लिहीन. खारशेतची माणसे बांधावरून, पागेच्या जाळ्यावरून, म्हावऱ्याच्या वाट्यावरून भांडत असताना कागदावर मात्र बत्तीस वर्षे त्यांचे कधी दुमत झाले नाही.

कलम १. माझे राहते घर मुलगा केतन याला द्यावे. तो जुईनगरला तिसऱ्या मजल्यावर राहतो. सुक्या मासळीच्या वासाने त्याचे डोके चढते, म्हणून गावात येत नाही. त्याची आई गिरजाबाई हिने वाळवणाच्या जागेवर उन्हात बोंबील टांगून त्याला बी.कॉम. केले, हे त्याला आठवावे म्हणून हे कलम लांबवले आहे. घर विकू नये असे मी लिहीत नाही. तो विकणारच आहे, उगाच माझा शब्द मोडल्याचे पाप त्याला कशाला.

कलम २. घरामागच्या दोन खोल्या आणि पोस्टातली शिल्लक मुलगी मीना हिला द्यावी. ती जासईला असते. दारासमोर कंटेनर उभे राहतात, त्यांच्या मधून वाट काढत ती दर पंधरा दिवसांनी मला भेटायला येते. या मृत्युपत्राची अंमलबजावणी तिनेच करावी. केतनने हरकत घेतल्यास त्याला हे कलम दोनदा वाचून दाखवावे.

कलम ३. दवंडीचा डफ नगरसेवक पोपटशेठ यांना भेट द्यावा. पंचायत होती तेव्हा पोपटशेठ आमचे सरपंच होते. ग्रामसभेआधी गावभर दवंडी पिटावी असा नियम होता. पहिली काही वर्षे मी पिटली. मग शेठ म्हणाले, "गोटीराम, सभा कशाला? लोकां येतील, चाय पितील, झगरतील. तू आपली वही फिरव." तेव्हापासून मी त्यांच्या ओटीवर उभा राहून डफावर तीन टिचक्या मारत असे आणि "दवंडी दिली" असे लिहून सही करत असे. ऐकायला त्यांचा कुत्रा हजर असायचा. ग्रामसभेला खरी उपस्थिती म्हणायची तर तेवढीच.

वही फिरवणे म्हणजे काय, ते शहरातल्या वाचणाऱ्यासाठी सांगतो. सभा भरवायची नाही. कार्यवाहीच्या वहीत एक पान कोरे सोडायचे, ते घेऊन घरोघर जायचे आणि पानाच्या खालच्या अर्ध्या भागात सह्या-आंगठे घ्यायचे. वरचा मजकूर मागाहून, शेठच्या सवडीने. मी बोट ठेवेन तिथे लोक सही करायचे. कोणी अंघोळीहून ओला हात पुसून करायचे, कोणी पत्ते हातात धरून. माझ्या गावाची मला कीव येत नाही. ज्यांना वर काय लिहिणार हे विचारावेसे वाटले नाही, त्यांची कीव का करावी?

कलम ४. माझे शाईचे पेन संध्या हिला द्यावे. ही पोपटशेठची सून, बायकांच्या राखीव जागेवर निवडून आलेली. सभेला तिचा नवरा येई, तिची सही तिचा नवरा करी, आणि गावजेवणात हार मात्र तिच्या गळ्यात घालत. एकदा नवरा घरी नसताना वही तिच्यासमोर गेली. तिने पेन बाजूला ठेवले आणि विचारले, "काका, याच्यावर काय लिवनार?" बत्तीस वर्षांत हा प्रश्न मला एकट्या तिने विचारला. मी म्हणालो, "सूनबाई, वाचत बसलात तर मला अजून नऊ घरे फिरायची आहेत." तिने मान खाली घालून सही केली. त्या दिवशी मी जे बोललो त्याची मला लाज वाटते.

कलम ५. आता वही.

महापालिका आली आणि ग्रामपंचायत बुडाली. बुडण्याच्या आधीच्या महिन्यात शेठनी मला कोरे पान घेऊन पिटाळले. लोकांना काय सांगायचे तेही सांगितले: नळाच्या पाण्यासाठी सह्या पाहिजेत. मी एकशे बारा सह्या-आंगठे आणले. तीन दिवसांनी शेठनी मजकूर सांगितला आणि मी तो वर लिहिला. ठराव क्रमांक चौदा: मासळी वाळवण्याची जागा गावाला लागत नसल्याने ती शाळेसाठी शेठच्या शिक्षण मंडळास द्यावी. सर्वानुमते मंजूर. मजकूर लांबला, जागा पुरेना, म्हणून शेवटच्या दोन ओळी सह्यांच्या अंगावर चढल्या आहेत. आधी सह्या, मग ठराव, हे आंधळ्यालाही दिसेल.

शाळा अजून झालेली नाही. कुंपणाची भिंत झाली, आणि आत लग्नाच्या हॉलचे खांब उभे आहेत. बायका बोंबील रस्त्याकडेला वाळवतात, त्यावर धूळ बसते आणि दिवाळे गावच्या बाजारात गिऱ्हाईक नाक मुरडते.

पंचायत गेल्यावर तीन वर्षे निवडणूकच नव्हती. प्रशासक म्हणून एक साहेब बसले होते. ठराव मांडणारे तेच, मंजूर करणारे तेच, आणि त्याविरुद्ध अर्ज केला तर ऐकून घेणारेही तेच. बायका अर्ज घेऊन गेल्या, तर साहेबांनी स्वतःच्या हुकमावरची हरकत स्वतः ऐकली आणि स्वतःशी सहमत झाले. निदान आम्ही वही तरी फिरवत होतो. साहेबांना तेवढेही कष्ट पडले नाहीत. मग निवडणूक झाली आणि शेठ नगरसेवक झाले. आता ते झेंड्याखाली उभे राहून लोकशाहीवर बोलतात, आणि माझे गाव टाळ्या वाजवते.

दप्तर ताब्यात देताना साहेबांच्या माणसाने वह्यांचे नग मोजले. आत पाहिले नाही. मी त्यात एक कोरी वही सरकवली, नग पुरे भरले. खरी वही माझ्या पत्र्याच्या पेटीत, गिरजाबाईच्या लुगड्यात गुंडाळलेली आहे. बायकांनी ठाण्याच्या दिवाणी कोर्टात दावा लावला आहे. समोरून ठरावाची नक्कल दाखवून एकच उत्तर येते: गावाने सर्वानुमते दिले, मूळ वही गहाळ आहे.

मी इतकी वर्षे गप्प का, तेही लिहितो. केतनची नोकरी शेठच्या चिठ्ठीवर लागली आहे आणि अजून शेठच्या हातात आहे. म्हणून माझी इच्छा अशी की माझ्या मृत्यूनंतर मीनाने ही वही बायकांच्या वकिलाकडे द्यावी. मेलेल्या माणसाच्या मुलावर शेठ सूड घेणार नाहीत. लोक काय म्हणतील याची त्यांना फार काळजी असते.

कलम ६. माझी शोकसभा घेऊ नये. नाक्यावर माझ्या फोटोचे बॅनर लावू नये, त्यात शेठचा फोटो माझ्यापेक्षा मोठा असेल. तरीही कोणी दुखवट्याचा ठराव मांडलाच, तर माझे एक मत विरोधात धरावे.

येथे मृत्युपत्र संपले होते. पुढील मजकूर त्याच दिवशी, त्याच बैठकीत वाढवला आहे. कारण असे.

साक्षीला दोघांना बोलावले. एक जोतीराम शिर्के, मूळचे साताऱ्याकडचे, मार्केटात माथाडी, शेजारच्या चाळीत राहतात. दुसरी गोजरा तांडेल, माझी चुलत बहीण, दाव्यात पहिले नाव तिचे. जोतीराम यांनी चष्मा लावून सगळा कागद वाचला. गोजराला वाचता येत नाही, म्हणून मी मोठ्याने वाचून दाखवला. वाचून झाल्यावर मी शाईचा डबा पुढे केला आणि सवयीने कागदावर बोट ठेवले.

तिने हात मागे घेतला.

"दादूस, त्या पानावं माजा बी आंगठा हाय ना?"

आहे, असे मी सांगितले. एकशे बारातला एकेचाळिसावा.

"तुना सांगलं नलाचा हाय, म्हनून दिला. माजीच जागा मीच दिली, आनि मना ठाव नाय." मग तिने कागदाकडे बोट केले. "आता यो कागूद तू मेल्यावं उघराचा. मंग आमी काय तू मराची वाट बगाची?"

मी केतनचे सांगू लागलो. ती म्हणाली, "माजं पोर नाय काय? वही वकिलाला दिलीस, तर त्यो इचारल, कोनी लिवली? मेलेला मानूस कोर्टान कसा बोलल? मी आंगठा नाय देत."

मी जोतीराम यांच्याकडे पाहिले. ते म्हणाले, "दादा, म्या बी सही करत न्हाई. बाई बराबर बोलतीया."

बत्तीस वर्षे मी ज्या गावाला नावे ठेवली, वर हे मृत्युपत्र भरून ठेवली, ते गाव निदान फसवले गेले होते. मी तर सगळे जाणून बोट ठेवत होतो. शेठला भ्यायलो, त्याला मुलाची माया म्हणालो, आणि आता मरणाआड लपून शूर व्हायला निघालो होतो. या कागदात मी ज्यांचा ज्यांचा पाणउतारा केला आहे, त्यांच्यात पहिले नाव माझे लिहायला हवे होते. ते येथे लिहितो.

सबब कलम ५ मधील "म्हणून माझी इच्छा" पासून पुढचा सर्व मजकूर मी स्वतः एका रेघेने खोडला असून खोडलेल्या जागी सही केली आहे. वही आज दुपारी गोजराच्या हातात दिली. येत्या एकवीस तारखेला ठाण्याच्या कोर्टात मी स्वतः उभा राहून शपथेवर सांगेन की सभा झाली नाही, दवंडी दिली नाही, आणि ठराव माझ्या हाताने सह्यांच्या नंतर लिहिला आहे. केतनला आज संध्याकाळी फोन करून सांगेन. तो ओरडेल. ओरडू दे.

गोजरा म्हणाली, "आता परत वाच. पयल्यापासना." मी पहिल्यापासून वाचले.

ठिकाण: मौजे खारशेत
तारीख: ११ नोव्हेंबर १९९६

मृत्युपत्र करणार: गोटीराम कान्हा मढवी (सही)

साक्षीदार, दोघेही समक्ष हजर:

१. जोतीराम बापू शिर्के (सही). पूर्ण वाचून केली.

२. गोजरा पांडू तांडेल, निशाणी आंगठा. दोनदा ऐकून, कलम ५ खोडल्यानंतर दिला.