पायाखालच्याला घातलेला वळेसर

बाई, तुमचा तो देवदूत गर्वाने पडला, की जे पटत नव्हते त्यापुढे त्याला वाकता आले नाही म्हणून पडला, हे मला अजून सांगता येत नाही. मी चौथीत, तुमच्या वर्गात होते. शाळेशेजारच्या तुमच्या चर्चमधल्या मूर्तीत पंखवाला देवदूत भाला रोखून उभा होता आणि त्याच्या पायाखाली दुसरा. माझ्या केसांतला सुरंगीच्या फुलांचा वळेसर मी त्या खालच्याच्या गळ्यात घातला. वळून बघते तर तुम्ही मागे उभ्या आहात. "कोणाक घातलंस गो?" आमच्या देवीच्या पायाखालच्या महिषासुरालाही गुरव फूल वाहतो, असे मी सांगितले. तुम्ही हसला नाहीत. वळेसर काढून पुन्हा माझ्या केसांत माळलात. "तोव देवदूतच होतो. सगळ्यांत उजळ. 'मी वाकूचंय नाय' म्हटल्यान आणि खाली पडलो. तू हुशार आसस, सांभाळ. हुशारांकच ह्यो रोग लागता." विष्णूचे द्वारपालही शाप लागून पडले, पण तीन जन्मांनी परत गेले, मग हा कधी जाणार, असे मी विचारले. तेवढ्यात घंटा झाली. मी मॅट्रिकला असताना तुम्ही देवाघरी गेलात, आणि ते उत्तर राहूनच गेले.

आता मी बी.ए. होऊन आमच्याच गावच्या शाळेत शिकवते. आमच्या घरातली ही पहिली पदवी आणि पहिला पगार. इथे महारवाड्यातली मुले वर्गाबाहेर, ओसरीवर वेगळ्या चटईवर बसतात. त्यांना आत घेते म्हटल्यावर शाळेच्या अध्यक्षांनी मला बोलावून घेतले. अगदी सौम्यपणे म्हणाले, "बाई, गावापुढे थोडं वाकावं लागतं. नाहीतर दुसरी शिक्षिका बघावी लागेल." बाबांनी तर हात जोडले. "जरा वाक गो. नोकरी गेली तर लोक हसतले." मी वाकणार नाही म्हणाले, आणि म्हणताना मला फार बरे वाटले. त्या बरे वाटण्याचीच मला भीती वाटते. मुलांसाठी बोलले की स्वतःच्या ताठ मानेसाठी, हे तुम्ही माझ्या तोंडाकडे बघून ओळखले असते.

हे पत्र कुठे टाकायचे नाहीच. खरे सांगायचे तर मन स्वच्छ होईपर्यंत मुलांना आत घ्यायचे थांबावे, असे ठरवून मी ते लिहायला बसले होते. पण मुले तोवर ओसरीवरच राहिली असती. म्हणून मधेच उठून शाळेत गेले, घंटेआधी त्यांना आत घेतले आणि बाकीच्यांच्या मधे बसवले.