काळ्या काचेवरची रेघ

प्रिय बंड्या,

फोन सोडून पत्र कसलं लिहितेस, असं म्हणशील. कालपासून माझ्या तोंडून धड शब्दच फुटत नाहीये रे.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते, नाहीतर राहून जाईल. सूर्याचे फोटो काढायला मोठी दुर्बीण नको. दिवसा हवा तापून हलत असते, मोठीतून ती थरथरच जास्त दिसते. ऐंशी मिलिमीटरची भिंगाची पुरे. कॅमेरा कृष्णधवल घे, सेकंदाला शंभरेक चित्रं टिपणारा. त्यातली चांगली तेवढी ठेवायची. आणि ऊन अडवणारा फिल्टर पुढे, सूर्याकडच्या तोंडावर लावायचा, पूर्ण तोंड झाकेल असा. हे वाक्य तीनदा खोडून लिहिलंय. पंचवीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं मी, आणि सख्ख्या भावाला हे आज सांगतेय.

कॅमेऱ्याचं विचारलंस तेव्हा किती टर उडवली तुझी! म्हटलं, पडद्यावर सूर्य बघायचा म्हणजे लग्नाला न जाता अल्बम चाळायचा. तूही हसलास. मेल्या, हसलास कसा?

काल तुझी बायको माझी जुनी दुर्बीण परत द्यायला आली. नवीसाठी जागा करतेय म्हणाली. मी पेटी उघडली. सूर्य बघताना डोळा लावायच्या टोकाला बसवायची ती छोटी काळी काच उजेडात धरली, तर आरपार तडा. मी म्हटलं, बरं झालं, ही कुणी वापरली नाही. ती म्हणाली, म्हणजे यांनी तुम्हाला डोळ्याचं सांगितलंच नाही? तिला वाटत होतं, मला ठाऊक आहे.

तीन वर्षं, बंड्या! उजव्या डोळ्यात मधोमध काळा डाग, समोरच्याचं नाकतोंड दिसत नाही, आणि दर रविवारी तू माझ्यासमोर बसून जेवलास. चहा कपाबाहेर ओतलास तेव्हा मी खेकसले, लक्ष कुठे असतं तुझं म्हणून.

ती म्हणाली, यांचाच वेंधळेपणा, तापून तडकलेल्या काचेला डोळा लावला नि भाजून घेतला. ती दारात चपला घालत होती आणि मला तुझा तीन वर्षांपूर्वीचा तो फोन आठवला. ताई, काचेवर बारीक रेघ दिसतेय, चालेल का? मी पेपर तपासत होते. न बघताच म्हणाले, ओरखडा असेल, आम्ही वर्षानुवर्षं हीच वापरली, खुशाल लाव डोळा. तू हे कुणालाच सांगितलं नाहीस. मीसुद्धा काल त्या फोनचं न सांगताच तिला जाऊ दिलं. म्हणून हे पत्र. वाचून झालं की तिच्या हातात दे. तीन वर्षं तू माझ्या वाटणीची बोलणी खातोयस.

तुझीच,
ताई