असल्या जेवणाला

बालीगंज, मंगळवार, १२ मार्च १९७४

अर्धांगाच्या झटक्यानंतर आज हे पहिल्यांदाच आपल्या हाताने जेवले. डाव्या हाताने. उजव्याची वाट पाहू नका, असं डॉक्टर सकाळी म्हणाले, म्हणून मीच हट्ट धरला.

ताट वाढलं आणि सवयीने शेजारी पाण्याचं फुलपात्र ठेवलं. ताटाभोवती पाणी फिरवल्याशिवाय यांनी जन्मात कधी घास घेतला नाही. आज नुसते पाण्याकडे बघत बसले. मी म्हटलं, "मी फिरवते." तर फुलपात्र बाजूला सारलं आणि अडखळत म्हणाले, "असल्या जेवणाला नको. दार लाव."

मग भिंतीकडे तोंड करून जेवले. निम्मा भात सांडला. मला आनंद व्हायला हवा होता ना? एवढ्यासाठीच तर सगळी धडपड केली. पण माझी नजर राहून राहून त्या भरलेल्या फुलपात्राकडे जात होती. उद्या ते ठेवू की नको?

दार मी नुसतं लोटलं होतं. मध्येच शेजारच्या घोषबाई डोकावल्या, यांच्याकडे पाहिलं आणि आल्या पावली परत गेल्या. यांची पाठ होती.

हात धुताना यांनी विचारलं, "कडी घातली होतीस ना?"

हो म्हटलं.